बाल्कनीच्या गजांमधलं अंतर

मे उजाडला की फोन सुरू होतात.
बाकुरियानीत सावलीच्या कडेला अजून बर्फाचा मळकट पट्टा,
आणि तिकडे तिबिलिसीत पंखे फिरायला लागलेले.
मी डाव्या खांद्यात रिसीव्हर दाबून धरते,
दोन्ही हातांनी राजमा निवडते
आणि लोकांच्या संसारात डोकावते.

पोहायचा तलाव आहे का? आहे. गरम? कोमट.
सासूबाईंना जिने चढवत नाहीत, तळमजला मिळेल?
न्याहरीला खाचापुरी रोज, की दिवसाआड?
एकानं विचारलं, डोंगर खिडकीतून दिसतो
की त्यासाठी मान बाहेर काढावी लागते?
मी खरं ते सांगितलं. त्यानं दुसरीकडे खोली घेतली.
मालक बद्री म्हणाला, तुला फोनवर बसवून मीच चुकलो.

आमच्या पाटीवर लिहिलंय: कुटुंबांचं स्वागत.
खाली रंगवलेत आई, बाप, दोन पोरं, एक कुत्रा.
पाचही जण हसताहेत. कुत्रासुद्धा.

रुस्तावीहून पिक्रियाचा फोन आला तो मंगळवारी.
आवाज कारकुनी, प्रश्न कागदावरून वाचल्यासारखे.
बाल्कनी आहे? गजांमध्ये अंतर किती?
मुलगा केवढा, मी विचारलं. अकरा वर्षांचा. एरेकले.
अकराचा पोरगा गजांतून कसा पडेल, बाई?
पडणार नाही, ती म्हणाली. डोकं घालून बघतो तो.
नेमकं त्याच मापाचं असलं, की अडकतो.

बुधवारी पुन्हा. जेवणघरात भांडी कुठं आपटतात?
गुरुवारी: त्या चार जाड चाकांच्या गाड्या भाड्यानं देतात ना तुमच्याकडे,
त्या किती वाजता गुरगुरायला लागतात?
मग थोडं थांबून,
कागदावर नसलेलं:
तो ओरडला तर, म्हणजे कधीकधी ओरडतो तो,
बाकीचे लोक…
गेल्या वर्षी कोबुलेतीला, समुद्रावर,
दुसऱ्याच दिवशी आमचे पैसे परत केले त्यांनी.
फार गोड बोलले. बॅगासुद्धा उचलून दिल्या.

मी पाटीकडे पाहिलं. कुत्रा हसत होता.

उत्तर ओठांवर होतं: या हो, काही होत नाही.
तेच तर समुद्रावरच्यांनीही सांगितलं असणार.
म्हटलं, उद्या सांगते.

त्या रात्री सात नंबरच्या खोलीत झोपले.
झोपले कसली, कान देऊन पडले.
दहा चाळीस: पाण्याचा पाइप म्हाताऱ्यासारखा खोकला, दोनदा.
बारा: कानात पिवळा बिल्ला असलेलं ते रस्त्यावरचं कुत्रं, मग त्याचे पाहुणे.
तीन: काही नाही. इतकं काही नाही
की फरच्या झाडावरून ठिबकणारं पाणी मोजता आलं.
सहा: गायी. मग गायींना शिव्या.
सव्वासात: बद्री कॉफी दळतो, जणू खडी फोडतोय.
सगळं बिलाच्या पाठीमागं लिहून काढलं.
सकाळी शिवणाची टेप घेऊन बाल्कनी मोजली,
साडेअकरा सेंटिमीटर.
स्वतःचं डोकं घालून पाहिलं. गेलं नाही.
खालून दूधवाला बघत राहिला.

फोनवर सगळं वाचून दाखवलं, शिव्यांसकट.
आणि म्हटलं, ओरडण्याचं म्हणाल
तर शेजारच्या खोलीत कोण येईल त्याची हमी मी देत नाही.
माझी देते. बद्रीची अर्धी.
पलीकडे पेनाची खरखर थांबली.
ती पहिल्यांदाच हसली, आणि तिच्या मागून कुणीतरी
तेच हसू, जसंच्या तसं,
तीन वेळा हसलं.

कळवते, म्हणाली.

आज जूनची बावीस. कळवलेलं नाही.
दोन कुटुंबांनी सात नंबर मागितली,
मी त्यांना नऊ दिली, वर थोडी खोटी कारणं दिली.
बद्री वही उलटतो,
ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यावर बोट ठेवतो:
हे काय इथं पेन्सिलीनं? नाव नाही, आगाऊ पैसे नाहीत,
नुसतं साडेअकरा?

अडकलंय, मी म्हणते. राहू दे.